कपाटाचं दार

अजून बाजारात न आलेल्या गेममधल्या अंतराळयानासाठी मुलाने चार लाख मोजले, हे कळल्यावर बाबा ओरडले नाहीत. चाळीस वर्षं सुतारकाम केलेल्या आणि एकही कपाट वेळेवर न दिलेल्या त्या माणसाने चष्मा लावला आणि खुर्ची स्क्रीनजवळ ओढली. "आतून कसं आहे, दाखव बघू."

गेम सात वर्षं 'येतोय, येतोय' असाच होता. पण आधी पैसे भरणाऱ्यांना आपल्या यानात फेरफटका मारता यायचा. मुलाने इंजिन दाखवलं, तोफा दाखवल्या. बाबा यानातल्या झोपायच्या खोलीतच अडकले.

"ते कपाट उघड. बघ, दार पलंगाला अडतंय. कळवलंस त्यांना?"

"बाबा, कपाट कोण बघतंय तिथे!"

"मी बघितलं ना? कळव."

बाबांच्या समाधानासाठी मुलाने कंपनीला दोन ओळी पाठवल्या. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. तक्रार बरोबर होती. सगळ्याच यानांमधल्या खोल्या नव्याने मांडाव्या लागणार होत्या, म्हणून गेम आणखी एक वर्ष पुढे गेला होता.

मुलाने कपाळावर हात मारला. "घ्या! तुमच्या त्या एका दारापायी!"

बाबांनी उत्तर दोनदा वाचलं. मग आत जाऊन स्वतःचं पाकीट घेऊन आले.

"गिऱ्हाईक दारात बोंबलत असतानाही चूक झाकून माल दिला नाही रे त्यांनी. माझ्या नावावरही एक यान घे, लहानसं. आणि त्यांना सांग, घाई नाही म्हणावं."