शंभर मीटरची अट

सकाळी साडेदहा वाजता अबकारी खात्याचे निरीक्षक टेप घेऊन शाळेच्या फाटकाशी उभे राहिले. शाळेपासून बार किमान शंभर मीटर लांब हवा, अशी परवान्याची अट होती. अंतर कमी असल्याची तक्रार पालकांच्या आग्रहावरून मुख्याध्यापकांनी केली होती. रस्त्याने मोजले तर एकशे बारा भरले. बारमालकाच्या जिवात जीव आला.

"रस्त्याने कोण जातं, साहेब?" मुख्याध्यापक म्हणाले. "सायकल स्टँडमागे भिंतीला खिंडार आहे. तिकडून मोजा."

ते पुढे झाले. लोंबत्या तारेखाली न बघताच वाकले, उघडे गटार सहज ओलांडले आणि थेट बारच्या दाराशी थांबले. मागून येणाऱ्या निरीक्षकांचा एक बूट गटारात गेला.

टेप चौऱ्याण्णववर थांबली. मालकाचा चेहरा उतरला.

"नेहमीची पायवाट असेल तरच हे अंतर धरता येतं," निरीक्षक बूट झटकत म्हणाले. "शाळेतलं कोण इथून ये-जा करतं, ते नावानिशी लिहून द्या. पाचपर्यंत."

"मुलं नाही हो येत इकडून!" मुख्याध्यापक म्हणाले.

"मग कोण येतं?"

मुख्याध्यापक टेप गुंडाळायला मदत करू लागले. निरीक्षकांनी मालकाकडे पाहिले.

"गिऱ्हाइकाचं नाव आम्ही सांगत नाही, साहेब," मालक अदबीने म्हणाला.

पाच वाजून दहा मिनिटांपर्यंत जबाब आला नव्हता. निरीक्षकांनी शाळेत फोन लावला. शिपायाने उचलला.

"सर निघून अर्धा तास झाला. फाटकातून मात्र गेले नाहीत."