ढगाची पाळी

सह्याद्रीच्या माथ्यावरच्या ढगनाक्यात शेलारमास्तरांनी पाहुणीला खुर्ची दिली, पण स्वतः बसायचं धाडस काही त्यांना झालं नाही.

पाहुणी म्हणजे पर्जन्यछायेतल्या बोरजाईच्या सरपंच हौसाबाई. पूर्वी समुद्रावरून आलेला ढग कोकणात आणि घाटमाथ्यावरच रिता व्हायचा. आता नाक्यावरचे पंखे त्याला पूर्वेकडे हाकत. पंखे एवढे, की एका पात्याच्या सावलीत अख्खा आठवडी बाजार भरे! कालव्याच्या पाण्यासारखी गावांना ढगाची पाळी लागे. सोमवारची बोरजाईची पाळी मात्र कोरडी गेली होती आणि बाजरी करपायला लागली होती.

"चूक आमचीच असंल, मास्तर," हौसाबाई म्हणाल्या. "ढग उतरवायचा खांब गावानं घासून लख्ख केलाय. एक डाव माफ करा, पाळी परत द्या."

तेवढ्यात मास्तरांच्या पत्नी मंदाताई तळलेल्या कुरडयांचं ताट घेऊन आल्या.

"अगं बया, काय फुलल्यात!" हौसाबाईंनी एक मोडली. "श्रावणात घाटमाथ्यावर एवढं ऊन कुठनं आणलं, ताई?"

"ह्यांनीच दिलं की, सोमवारी दिवसभर," मंदाताई कौतुकानं म्हणाल्या.

मास्तरांची मान खाली गेली. "पंखे उलटे फिरवले होते," ते पुटपुटले. "तुमचा ढग समुद्रावर परत गेला."

हौसाबाईंनी शिव्या घातल्या असत्या, तर मास्तरांना बरं वाटलं असतं. त्यांनी फक्त चार कुरडया पदरात बांधल्या.

"गावाला दावते," त्या म्हणाल्या. "पोरं इचारत्यात, आमचा पाऊस गेला कुठं?"