मापातले शिनगार्ड

शाळेच्या बुटांपासून स्वेटरपर्यंत अप्पांनी मंजुश्रीला मापाचं काही कधी घेतलंच नव्हतं. कुठल्याही दुकानात शिरलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "वाढत्या अंगाचं द्या."

म्हणून दहावीची परीक्षा संपल्यावर लातूरच्या खेळाच्या दुकानात तिला शंका आली. दुकानदाराने गुडघ्यापासून घोट्यापर्यंत टेप धरला, नडगीवर हॉकीचे शिनगार्ड बांधले आणि म्हणाला, "एक नंबर मोठा घ्या की. पोरगी उंच व्हायलीय, पुढच्या साली बी चालतील."

"न्हाई, मापातलेच द्या," अप्पा म्हणाले. घासाघीसही केली नाही.

एवढा उदारपणा मंजुश्रीला पचेना. "अप्पा, मोठे का नको?"

"सैल झाले तर पळताना घसरतील, बाई."

हे तर हॉकीचे सरही सांगायचे. उगाच संशय घेतला म्हणून तिला स्वतःचीच लाज वाटली.

तिथून अप्पा तिला समोरच्या अकरावी-बारावीच्या कोचिंग क्लासमध्ये घेऊन गेले. फॉर्मवर तिचं नाव आधीच लिहिलेलं होतं. कपाटातून क्लासचा टी-शर्ट काढणाऱ्या माणसाला अप्पा म्हणाले, "वाढत्या अंगाचा द्या. दोन वर्षं रोज घालायचा हाय."