जिवंत शेळीची पर्स

पर्सच्या टॅगवर मोबाइल धरला की चामडं कोणत्या जनावराचं आणि ते हलाल पद्धतीने कापलं होतं का, हे कळायचं. या पर्सने मात्र सांगितलं, 'जनावर जिवंत आहे.' म्हणून हलाल फॅशनचा माल तपासणारी सफूरा उदगीरला रज्जाकभाईंच्या कारखान्यात आली.

रज्जाकभाईंनी तिला अंगणातली काळी शेळी दाखवली. "हिच्या कानाची तिळाएवढी कातडी घेतली, मॅडम. पुढची सगळी त्यातूनच कारखान्यातल्या टाकीत वाढते. ईदचा सगळा माल या एकटीचा."

"पण जनावर कापलंच नाही, तर हलाल कसं म्हणू?"

"मग हराम तरी कसं म्हणणार? बघा, चारा खातेय."

"आणि उद्या ती आपोआप मेली तर? दुकानांत गेलेल्या पर्स मेलेल्या जनावराच्या, म्हणजे हराम, ठरतील का?"

रज्जाकभाईंनी टोपी काढून डोकं खाजवलं. हा धोका त्यांनी हिशेबात धरलाच नव्हता.

तेवढ्यात शेळी सफूराजवळ आली. तिच्या हातातली ती पर्स शेळीने हुंगली आणि करडाला चाटावं तशी चाटू लागली. मग हळूच ओरडली आणि कान टवकारून उत्तराची वाट पाहत उभी राहिली.

दुसऱ्या हातात हलालचा शिक्का धरून सफूराही कान देऊन उभी राहिली.