जोडलेली पानं

"आजोबा, ऐन शेवटाला पुस्तकाने दार लावून घेतलंय!" म्हणत नात आत आली आणि तिने पुस्तक मास्तरांच्या मांडीवर ठेवलं.

शेवटच्या प्रकरणाची चार पानं दोन-दोन करून कडेला जोडलेली होती. छापखान्यात कापायची राहून गेलेली.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पुस्तक त्यांनीच तिला दिलं होतं. "शेवट वाचताना मला रडू आवरलं नाही," असंही वर सांगितलं होतं.

तीन वर्षांपूर्वी ते त्यांनी हौसेने वाचायला घेतलं होतं. विसाव्या पानावर एक शब्द अडला, म्हणून फोन उघडला. शब्दाचा अर्थ सापडला, त्याखाली याच पुस्तकाचं परीक्षण सापडलं, मग दुसरं, मग तिसरं. कोण मरतं, कोण परत येतं, सगळं अर्ध्या तासात कळलं. पुस्तक कपाटात गेलं. गाइडवरून उत्तरं लिहिणारी पोरं मास्तरांनी चाळीस वर्षं पहिल्या ओळीलाच पकडली होती.

"मग तुम्ही कसं वाचलंत हो?" नातीने विचारलं.

मास्तर तोंड उघडणार, तेवढ्यात तिने पुस्तक डोळ्यापाशी नेलं, जोडलेली पानं नळीसारखी फुगवली आणि एक डोळा मिटून वरून आत पाहिलं.

"कळलं! असं डोकावून! बाप रे, मान नाही का अवघडली?"

"अवघडली थोडी," मास्तर म्हणाले.

"बाबा म्हणत होते, एवढा खटाटोप कशाला, शेवट फोनवर बघून टाक. मी म्हटलं, मुळीच नाही. आजोबांनी बघितला होता का?"

तिने दप्तरातली पट्टी काढून त्यांच्या हातात दिली. "तुम्हीच कापा. माझ्याकडून टरकन फाटेल."

मास्तरांनी पट्टी घडीत सरकवली. पानं सावकाश सुटली. बाकीचं पुस्तक पिवळं पडलं होतं. आतला कागद अजून पांढराशुभ्र होता.

नात त्यांच्या दंडाला टेकून बसली. मास्तरांनी पहिल्या ओळीखाली बोट धरलं.

"मोठ्याने वाचा," ती म्हणाली. "आणि आजोबा, रडू येतं ती जागा आली की आधी सांगा हं."