यायचं तिकीट

"भाभी, आज ठरवलं नाहीत तर पुढच्या महिन्यात भाव वाढेल," गाळ्याचे मालक खेडेकर म्हणाले.

"वाढू दे," नफिसा भिंतीवरून हात फिरवत म्हणाली.

दापोलीतल्या याच गाळ्यात तिला शिवणकामाचं दुकान थाटायचं होतं. नवरा इक्बाल मस्कतच्या हॉटेलात आचारी. घरखर्चापुरतं मागवून उरलेली कमाई तिने त्याला तिथल्याच बँकेत, रियालमध्ये ठेवायला लावली होती. दीर मुनाफने काय कमी टोमणे मारले? "लोकांच्या दारात गाड्या आल्या आणि तुम्ही कागद उबवत बसलात!" ती खुशाल उबवत बसली. रुपया घसरत गेला, रियाल महागत गेला आणि इक्बालने कधीकाळी गाळलेल्या घामाला दरवर्षी जास्त मोल येत गेलं.

"गेल्या वर्षीपेक्षा तुम्ही भाव थोडा चढवलात," ती खेडेकरांना म्हणाली. "पण माझ्या रियालांत मोजला तर गाळा स्वस्तच झालाय. मला घाई नाही. पुढच्या वर्षी येते."

ती खरंच चप्पल घालू लागली. मुलीचं लग्न तोंडावर आलेल्या खेडेकरांना मात्र वर्षभर थांबणं परवडणारं नव्हतं.

"थांबा हो भाभी! गेल्या वर्षीच्याच भावात घ्या."

घरी येताच तिने मस्कतला फोन लावला.

"गाळा ठरला. शिलाई मशीनं घेऊनही पैसे उरतील."

इक्बाल म्हणाला, "ईदला महिन्याची सुट्टी टाकतो. तिकीट काढू?"

"काढा," नफिसा म्हणाली. "पण फक्त यायचं काढा."