चोवीस शून्यं

"नवा परवाना कशाला, टॉलफसनबाई? घरात एक आहे की तुमच्या," मार्सी संगणकाच्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाली.

कर कार्यालयाच्या खिडकीपलीकडे आर्डिस टॉलफसन उभी होती. वय पंचाहत्तरीकडे झुकलेलं, अंगात चर्चला घालायचा निळा कोट, अंगठ्याला चिकटपट्टी. समोरच्या फळीवर तिने एक खोकं ठेवलं होतं आणि त्यावरचा हात ती उचलत नव्हती.

"तो नवऱ्याच्या नावाचा आहे. मला माझ्या नावाचा हवा. आज मिळेल ना? शनिवारी बदकांची शिकार सुरू होते. त्याआधी हे रॅपिड सिटीला पोचायला पाहिजे. आणि परवाना हातात आल्याशिवाय मी हे टपालात टाकणार नाही."

खोक्यात लाकडी बदक होतं. शिकारी तळ्यात सोडतात तसलं, खऱ्या बदकांना भुलवायला. कुणीतरी ते टॉलफसनांच्या इंटरनेटवरच्या दुकानातून मागवलं होतं. गिऱ्हाईक राज्यातलंच, म्हणजे विक्रीकर लावणं आलं. आणि कर घ्यायचा तर परवाना हवाच.

मार्सीला बरं वाटलं. या खिडकीवर येणारे बहुतेक जण आधी विकतात आणि मग विचारायला येतात. मोजे विकणारे, साबण विकणारे, मध विकणारे. घरबसल्या विकायला परवाना कसला, म्हणतात. परवाना घेतात तेही पुढचं विसरतात. विक्री झाली नाही तरी दर तिमाहीला रिटर्न भरावं लागतं, शून्य लिहून. शून्याचं काय भरायचं, असं म्हणून लोक गप्प बसतात आणि मग दंडाची चिठ्ठी घेऊन भांडायला येतात.

आर्डिसच्या नवऱ्याचं, व्हर्लिन टॉलफसनचं, तसं नव्हतं. सहा वर्षांत चोवीस रिटर्नं, चोवीस शून्यं, एकही दिवस उशीर नाही. नव्या लोकांना मार्सी त्याचंच उदाहरण द्यायची.

"सहा वर्षांत एकही बदक खपलं नाही?" शेजारच्या टेबलावरून मार्सीचा सहकारी ग्लेन म्हणाला. "अशा धंद्याला परवाना नको, प्रार्थना हवी."

"तीही करून झाली," आर्डिस म्हणाली. "मागणी यायची रे. हाच द्यायचा नाही. कुणी बदक मागितलं की त्याला त्यात खोट दिसायची. मान वाकडी झालीय म्हणायचा, आणि दुसरं कोरायला बसायचा."

मार्सी हसली. "बरं, जुना बंद करून नवा देते. फक्त त्यांची एक सही लागेल. उद्या घेऊन या त्यांना."

"तो नाही येणार. गेला तो. मार्चमध्ये साडेचार... नाही, मार्चला चार वर्षं झाली, आता साडेचार होतील."

मार्सीने पडद्याकडे पाहिलं. शेवटचं रिटर्न जुलैतलं. खाली नाव व्हर्लिन टॉलफसन. तिने बोटाने मागे मागे मोजत नेलं. पहिली सहा त्याची. पुढची अठरा तो गेल्यानंतरची.

"हे तुम्ही भरत होतात?"

"हो."

ग्लेनने खुर्ची वळवली. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. "परवाना माणसाबरोबर जातो, बाई. वारसाला मिळत नाही. मेलेल्या माणसाच्या नावाने सरकारला लिहून देणं म्हणजे... मार्सी, हे वर कळवावं लागेल."

"कळवा," आर्डिस म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "पण त्यातलं एक तरी खोटं आहे का, ते आधी बघा. त्याने काही विकलं नाही, असंच लिहिलंय मी दर खेपेला. त्याने विकलंच नव्हतं काही. आता विक्री झालीय, आणि ती त्याच्या नावावर लिहिली तर खोटं होईल. म्हणून तर आले."

ग्लेनने मार्सीकडे पाहिलं. मार्सीने एक एक तिमाही पुन्हा उघडून पाहिली. कर बुडाला नव्हता. बुडायला कर झालाच नव्हता.

"मृत्यूच्या तारखेपासून परवाना रद्द, एवढं मी लिहिते," ती शेवटी म्हणाली. "वरच्यांना विचारायचं असेल तर मला विचारतील."

ग्लेनने खुर्ची पुन्हा आपल्या टेबलाकडे वळवली.

मार्सीने नव्या परवान्याचा अर्ज पुढे घेतला. सुरुवातीलाच दोन चौकोन होते. "दुकान तेच, बदकंही तीच. तेव्हा 'चालू धंद्याची मालकी बदलली' इथे खूण करते."

काचेखालच्या फटीतून आर्डिसचा हात आत आला आणि अर्जावर टेकला.

"तिथे नको, पोरी. 'नवा धंदा'वर कर."

"अहो, पण बदक त्यांनीच कोरलेलं ना?"

"त्याची एकतीस बदकं तळघरात आहेत. त्यातलं एकही मी विकायला काढलेलं नाही, आणि काढणार नाही. हे मी कोरलंय. चार वर्षं नुसतं लाकूड नासवलं, तेव्हा कुठे हे पाण्यावर सरळ राहिलं."

मार्सीने 'नवा धंदा'समोर खूण केली. मग जुना परवाना रद्द करायचा कागद ओढला. त्यावर एकच रकाना भरायचा राहिला होता, सुरुवातीपासूनची एकूण विक्री. पेन टेकवून ती थांबली.

"लिही शून्य," आर्डिस म्हणाली. "त्याचं शून्य मी मोडायची नाही."